तीन हजारांचं अस्वल

आमच्या हॉलमधल्या लोखंडी कपाटावर चार वर्षं एक अस्वल बसलेलं होतं. तीन फूट उंच, मधाच्या रंगाचं, गळ्यात लाल सॅटिनची बो आणि अंगावर दुकानातून आलेली प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी. आल्यागेल्याचं लक्ष आधी त्याच्याकडे जायचं. "अगंबाई, केवढं मोठं टेडी! केवढ्याला गं?" मग मी उगीचच आवाज खाली आणून सांगायचे, "तीन हजार दोनशे. ह्यांनी आणलंय पुण्याहून." मैत्रिणींनो, खरं सांगते, किंमत सांगताना थोडं बरं वाटायचं आणि थोडा पोटात खड्डाही पडायचा. तुमच्याही घरी शोकेसमध्ये नाहीतर कपाटावर असं एखादं पिशवीतलं अस्वल असेलच.

ही २०१९ सालची गोष्ट. लेकीचा पहिला वाढदिवस होता. हे तेव्हा पुण्यात एका कंपनीत होते. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे ते शनिवारी रात्री उशिरा कराडला पोचायचे. लेक जरा त्यांच्या अंगाला चिकटायला लागली की सोमवार उजाडायचा. वाढदिवसाला हे अस्वल त्यांनी एसटीत मांडीवर बसवून आणलं. ओव्हरटाइमचे पैसे होते. किंमत ऐकून मी पाहुण्यांच्या देखत गप्प बसले, पण रात्री तोंडून निघून गेलंच, "अहो, एवढ्यात दोन महिन्यांचं दूध आलं असतं." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठवडाभर मी नसतो. निदान हे तरी असेल तिच्याजवळ."

यावर काय बोलणार?

आणि जिच्यासाठी एवढं आणलं तिने काय केलं? अस्वलाकडे एकदा बघितलं आणि असा काही टाहो फोडला की शेजारच्या काकू धावत आल्या. अस्वलाचं तोंड भिंतीकडे केलं तेव्हा कुठे हुंदके थांबले. सासूबाई म्हणाल्या, "पोराच्या मुठीत मावेल एवढंच आणायचं असतं रे. हे राक्षसाएवढं कशाला?" मग ठरलं, आत्ता नको, धुळीने खराब होईल, मोठी झाली की खेळेल. आणि अस्वल कपाटावर गेलं.

पुढच्याच पौषात आम्ही पालच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो. तिथून मी हौसेने एक कुत्र्याचं पिल्लू घेतलं, साठ रुपयांना. घरी आलं तेव्हा ते पांढऱ्याचं भंडाऱ्याने पिवळं झालं होतं, पण लेक खूश. मनात म्हटलं, बघा, बत्तीसशेचं कपाटावर आणि साठाचं हातात! ही शेखी दहा दिवस टिकली. नणंद माहेरपणाला आली होती, तिचा मुलगा दहा महिन्यांचा. पोरगा पिल्लू चोखत बसला होता. नणंदेचं सहज लक्ष गेलं, तर पिल्लाचा एकच डोळा जागेवर! दुसरा काळा मणी त्याच्या जिभेवर, अगदी पुढे दिसत होता म्हणून तिने तो अलगद काढला. आणखी एक आवंढा गिळला असता तर, या विचाराने आम्ही दोघी नुसत्या थरथरत होतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. एवढ्या लहान बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली येईल असं धरायचं, दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने थापट्या मारायच्या आणि लगेच दवाखाना गाठायचा.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पिल्लाची शिवण ओढून बघितली तर ती टरकन उसवली. आत काय निघालं? फोमचे तुकडे, रंगीत कापडाचा भुगा आणि कॅरीबॅगचा एक तुकडा. "अगं, गोधडीतसुद्धा आपण याहून बऱ्या चिंध्या घालतो," त्या म्हणाल्या.

मला स्वतःचा राग आला तो वेगळ्याच कारणाने. लग्नाआधी सुट्टीत मी चांगला महिनाभर सॉफ्ट टॉईजचा क्लास केला होता. आपल्याकडे गावोगावी असायचे ते, मेंदी, केक आणि सॉफ्ट टॉईज असं एकाच पाटीवर लिहिलेलं. त्यामुळे ही खेळणी आतून कशी असतात ते मला ठाऊक होतं. फरचं कापड कात्रीने कापायचं नाही, उलट्या बाजूने नुसतं विणकामावर ब्लेड फिरवायचं, म्हणजे केस तुटत नाहीत. तुकडे उलटे ठेवून शिवायचे, मग सुलटे करून फायबर भरायचं, तेही थोडं थोडं, पायाच्या टोकापासून. डोळ्याला मागे दांडी असते. ती कापडातून आत घालून मागून वॉशर दाबून बसवायचा. आमच्या बाई सांगायच्या, डोळा चिकटवलात तर तो आज ना उद्या हातात येणार. यात्रेतल्या पिल्लाचा डोळा नुसत्या गोंदावर होता. एकदा ओढून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. साठ रुपयांचा आनंदच एवढा झाला की ओढून बघायचं सुचलं नाही.

तेव्हापासून मी दुकानात गेले की आधी खेळण्याचे हाल करते. डोळा आणि नाक चिमटीत धरून ओढते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून ताणते, टाके मोकळे दिसले तर परत ठेवते. केस ओढून बघते, गळले तर नको. पोट दाबून बघते. आत थर्मोकोलचे दाणे कुरकुरले तर लहान मुलाच्या घरात ते नकोच, एकदा उसवलं की दाणे नाकातोंडापर्यंत जातात. वासही घेते. केमिकलचा भपकारा आला तर खाली ठेवते. डोळे भरतकामाचे असतील तर उत्तमच. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. पैसे आपले असतात.

आता एक सोयही झाली आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हस्तकला म्हणून नोंदलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना तेवढी सूट आहे. मार्क देण्याआधी लहान भाग ओढून निघतात का, कापड भसकन पेट घेतं का, रंगात शिसं वगैरे आहे का, हे तपासतात. लेबलवर मार्कच्या जोडीला परवान्याचा नंबर असतो. तो मोबाईलवर 'बीआयएस केअर' नावाच्या अॅपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळतं. यात्रेत आणि रस्त्यावर बिनमार्काचा माल अजून दिसतो, तेव्हा नजर आपलीच हवी. पोट दाबलं की गाणारी खेळणी असतात, त्यांच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का तेही बघा. ती चपटी बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते.

म्हणजे स्वस्तात धोका असू शकतो हे पटलं. पण मग महागात काय असतं? चांगलं कापड, दाट फायबर, घट्ट शिवण, याला पैसे पडतात आणि पडलेच पाहिजेत. ते शिवणारीचे हात असतात. मात्र एका मर्यादेनंतर आपण देतो ते पैसे नावाचे, सिनेमातल्या एखाद्या प्रसिद्ध पात्राच्या परवान्याचे, मॉलच्या भाड्याचे. बाहेरून आलेलं असेल तर कराचेही. खेळण्यांवरचा आयात कर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाला आणि २०२३ मध्ये ७०. आणि आकाराचे पैसे! मोठं दिसलं की भारी वाटतं. वाढदिवसाला चार माणसांत तीन फुटी अस्वल काढून दिलं की देणाऱ्याचीही मान ताठ होते. पण क्लास केलेली कुठलीही बाई सांगेल, आकार वाढवणं सोपं असतं, लहानशा नाकाचे टाके नीट घालणं अवघड.

लेक तीन वर्षांची झाल्यावर, २०२१ च्या दिवाळीत, स्टेशनरीच्या दुकानात मी असंच ओढून-ताणून बघत असताना तिने एक ससा उचलला आणि खाली ठेवायलाच तयार होईना. राखाडी रंगाचा, वीतभर, लांब कानांचा, डोळे भरतकामाचे. मार्क होता. किंमत साडेतीनशे. रस्त्यातच त्याचं नाव ठेवलं गेलं, बंड्या. तेव्हापासून बंड्या जेवला की ही जेवणार, बंड्याला ताप आला की हिलाही आला. झोपताना त्याचा डावा कान नाकाशी धरायचा आणि उजवा अंगठ्याने चोळायचा. वर्षभरात उजवा कान फडक्यासारखा झाला.

लेकरं असं का करतात, यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. अमेरिकेत हॅरी हार्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात माकडाच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लांना खऱ्या आईपासून तोडून दोन खोट्या आया दिल्या. एक नुसती तारेची, पण तिच्याजवळ दुधाची बाटली. दुसरी कापड गुंडाळलेली, तिच्याकडे दूध नाही. पिल्लं दूध प्यायला तारेच्या आईकडे जायची आणि बाकी दिवसभर कापडाच्या आईला बिलगून बसायची. कापड कुठलं होतं म्हणाल, तर मखमल नव्हे, आपल्या टर्किश टॉवेलसारखं साधं. पण या प्रयोगाचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. नुसत्या कापडी आईजवळ वाढलेली ती पिल्लं मोठी झाल्यावर इतर माकडांत मिसळू शकली नाहीत, त्यांतल्या माद्यांना स्वतःची पिल्लं सांभाळता आली नाहीत. हे मी वाचलं तेव्हा मला ह्यांचं ते वाक्य आठवलं, "निदान हे तरी असेल तिच्याजवळ." किती जण असं आठवड्याच्या सुट्टीचं ओझं अस्वलाच्या पाठीवर देतात! त्यांना हसू नये. पण ते ओझं अस्वलाला पेलत नाही, बत्तीसशेच्याही नाही.

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली छापलेल्या लेखात मुलांच्या अशा लाडक्या चिंध्या-बाहुल्यांविषयी लिहिलं. आई दिसेनाशी झाली तरी ती आहे, हा धीर मुलाला येईपर्यंत मधल्या वाटेवर धरायला ही वस्तू असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणखी एक मोठं शहाणपणाचं निरीक्षण नोंदवलंय. आई ती वस्तू मळकट, वास मारणारी असली तरी तशीच राहू देते, कारण धुतली तर मुलाची ओळखच तुटते हे तिला कळतं. आपल्याकडे आईच्या जुन्या पातळाची गोधडी उराशी धरून झोपणारी पोरं आपण बघितली आहेतच. तीही धुतली की रडतात.

तरी धुवावं तर लागतंच. धुळीतले बारीक किडे या केसाळ खेळण्यांत घर करतात आणि दम्याच्या मुलाला त्याचा त्रास होतो. ज्या खेळण्याला गरम पाणी सोसत नाही ते पिशवीत घालून एक दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, किडे मरतात, मग साध्या पाण्यात धुवायचं. पहिल्यांदा मी बंड्याला मटारशेजारी ठेवला तेव्हा सासूबाई फ्रीज उघडून किंचाळल्याच. आता त्यांनाच सवय झालीय. धुताना उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारायची आणि मशीनमध्ये सोडायचा. दिवस मात्र असा निवडायचा की संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळेल. आणि हो, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात किंवा अंथरुणात झोपताना कुठलंच मऊ खेळणं ठेवू नका, नाकावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही विट्याहून, माझ्या माहेरून, परत येत होतो. कराडला उतरलो, रिक्षात बसलो आणि लेक म्हणाली, "आई, बंड्या?" पिशव्या उलट्या केल्या. बंड्या नव्हता. गाडी तोवर परत विट्याला निघाली होती. त्या रात्रीचं काय सांगू! पाच वर्षांची पोरगी हट्टाने नव्हे, कोणी गेल्यासारखी मुसमुसत होती. तोवर हे पुण्याची नोकरी सोडून इथेच तासवड्याच्या एमआयडीसीत आले होते. ते म्हणाले, "उद्या अगदी तसाच आणतो, त्याच दुकानातून." ती रडायची थांबली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पण तो बंड्या कसा असेल?"

पुढे कधीतरी वाचनात आलं की ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या दोन मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न मुलांना विचारला होता. २००८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवलं, यात वस्तू ठेवली की तिची हुबेहूब नक्कल तयार होते असं सांगून. अर्थात ती हातचलाखीच होती. साध्या खेळण्याची नक्कल मुलं आनंदाने घ्यायची. पण झोपताना लागणारं लाडकं खेळणं असेल तर बहुतेक जण मूळचंच परत मागायची. काहींनी तर ते यंत्रात ठेवूच दिलं नाही.

त्या रात्री ह्यांनी स्टुलावर चढून अस्वल खाली काढलं. पिशवी कापली. चार वर्षांच्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. लेकीने त्याच्या पोटावर दोन बुक्के मारले, "तू बंड्या नाहीस!" म्हणून ओरडली आणि शेवटी रडून दमल्यावर त्याच्याच मांडीवर झोपून गेली. मी मात्र जागी होते. साडेतीनशे रुपयांच्या त्या फाटक्या कानाच्या सशाचे त्या वेळी कोणी तीन हजार मागितले असते, तर मी मुकाट्याने मोजले असते.

सकाळी भावाने विट्याच्या स्टँडवर चौकशी केली. बंड्या कंट्रोलरच्या टेबलावर रजिस्टरला टेकून बसला होता. कंडक्टरने शेवटच्या सीटखालून काढून जमा केला होता. हे रजा टाकून मोटारसायकलने जाऊन त्याला घेऊन आले. पेट्रोलचा हिशेब मी विचारला नाही.

दुसरा हिशेब मात्र मी केला. बंड्याला आता चार वर्षं झाली, म्हणजे सुमारे १,४६० रात्री. साडेतीनशे भागिले तेवढं, रात्रीला चोवीस पैसे पडले. गंमत म्हणजे अस्वलही रोज कुशीत घेतलं गेलं असतं तर रात्रीला सव्वादोन रुपयांच्या आतच पडलं असतं. ते काही फार महाग नव्हे. ते महाग पडलं ते कपाटावर बसल्यामुळे. अडचण एवढीच आहे की पोराचा जीव कशावर जडेल हे दुकानात कळत नाही. पहिलं टेडी बेअर करणाऱ्यांपैकी एक म्हणजे जर्मनीतली स्टाइफ कंपनी. ती सुरू करणाऱ्या मार्गारेट स्टाइफ या पोलिओने अपंग झालेल्या, शिवणकामावर पोट भरणाऱ्या. १८८० साली त्यांनी टाचण्या टोचायला म्हणून कापडाचे छोटे हत्ती शिवले आणि पोरांनी ते उचलून खेळायला नेले. तिथून पुढे सगळा धंदा उभा राहिला. तिथेसुद्धा निवड पोरांचीच होती!

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. शिवण, डोळा, मार्क आणि धुता येणं, एवढ्याचे पैसे द्यायचे, त्यात कंजुषी नाही. आमच्याकडे ते चार-पाचशेत बसतं. त्यावर द्यायचं झालं तर लेकराने स्वतः उचललेलं असेल तरच. आणि घरी आणल्यावर पिशवी त्याच दिवशी फाडायची. पुढे किंमत येईल म्हणून जपून ठेवणं तर सोडूनच द्या. अमेरिकेत १९९० च्या दशकात बीनी बेबीज नावाच्या चिमुकल्या खेळण्यांसाठी लोक वेडे झाले होते, कानाच्या लेबलला सुरकुती पडू नये म्हणून त्यांवर प्लास्टिक चढवायचे. १९९९ साली लास व्हेगासच्या कोर्टात घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याला जमिनीवर बसून ती वाटून घ्यावी लागली. पुढे भाव असे कोसळले की घरोघरी खोकी पडून राहिली. २०२५ मध्ये त्या दातवाल्या लबुबूचं वेड आलं, बीजिंगच्या लिलावात माणसाएवढा लबुबू दहा लाख युआनच्या वर गेला. त्याच्या नकला पोरींच्या बॅगांवर लटकतात. माझी भाची विचारत होती, "मामी, घेऊ का?" म्हटलं, घे बाई, पण आधी डोळे ओढून बघ.

आमचं अस्वल परत कपाटावर गेलं नाही. लेक आता सात वर्षांची आहे. शाळेचा अभ्यास करताना त्याला लोडासारखं पाठीशी घेते, बंड्या त्याच्या मांडीवर असतो. लाल बो केव्हाच कुठेतरी गेली. रविवारी दुपारी हे पेपर वाचता वाचता त्याच्यावरच डोकं टेकून घोरतात, आणि कपाटावर जी जागा रिकामी झाली तिथे मी पापडांचा डबा ठेवलाय.